हसता हसता राजकारण, भाग ७ : 'न्यूटन'मधली रांग

गेल्या भागातल्या 'सिंहासन'मध्ये खुर्चीभोवती पुरुषांचाच घोळका होता. अमित मसुरकर यांचा 'न्यूटन' (२०१७) त्या खुर्चीपासून फार लांब, छत्तीसगडच्या जंगलात जातो. केंद्रावर अवघे ७६ मतदार, हौसेनं ड्युटी घेतलेला नवखा केंद्राध्यक्ष आणि 'आटपा लवकर' म्हणणारा केंद्रीय राखीव पोलीस दलाचा अधिकारी. कथानक म्हणावं तर एवढंच.

अशा सिनेमात कोणाकोणाला जागा मिळाली हे बघायचं तर पात्रं मोजता येतात : एक दलित, एक आदिवासी, एक स्त्री. त्या हिशेबात 'न्यूटन' पास आहे. पण उपहासाच्या सिनेमाला आधी विचारावं ते हे, की हशा कोणाच्या जिवावर पिकतोय?

या केंद्राध्यक्षाचं, नूतनकुमारचंच घ्या. नावावरून चिडवतात म्हणून गड्यानं स्वतःच ते 'न्यूटन' करून टाकलेलं. तो दलित आहे हे कुणी उघड बोलत नाही. घरात बाबासाहेबांची खूण दिसते, लग्नाच्या विषयात वडील जातीवरून टोमणा मारतात; ज्याला कळायचं त्याला कळतं. आणि कळलं की त्याचं नियमाला चिकटून बसणं वेगळंच दिसू लागतं. ज्याच्या पाठीशी कुणी मामा-काका नाही, त्याला नियमपुस्तिकेचाच आधार. बरं, हा नायक थोडा चक्रम आहे, थोडा आखडूही. दलित पात्राला आपल्या पडद्यावर सोसायची मुभा भरपूर. समोरच्याला वैताग आणायची क्वचितच. राजकुमार रावनं डोळे मिचकावत ती पुरेपूर वसूल केलीय.

मलको ही तिथलीच शिक्षिका, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) म्हणून नेमलेली. मतदार गोंडी बोलतात आणि साहेबांना गोंडी येत नाही, त्यामुळे सगळी लोकशाही तिच्या जिभेवरून ये-जा करते. तू निराशावादी आहेस का, असं न्यूटन विचारतो. ती म्हणते, मी आदिवासी आहे. चित्रपटातला सगळ्यात धारदार विनोद असा तिच्या वाट्याला आलाय.

परदेशी पत्रकार येणार म्हटल्यावर जवान गावात जाऊन माणसं गोळा करून आणतात. उमेदवार कोण, मत कशासाठी द्यायचं, कुणालाच पत्ता नाही. न्यूटन समजावू पाहतो. पंकज त्रिपाठीचा आत्मा सिंग मात्र यंत्र म्हणजे खेळणं आहे, वाटेल ते बटण दाबा, असं सांगून मोकळा होतो. आपण हसतो ते या दोघांना. गोंड माणसांचं अडाणीपण सिनेमानं विकायला काढलेलं नाही, आणि त्यासाठी मसुरकर आणि सहलेखक मयंक तिवारी यांना मानलं पाहिजे. सीमेच्या अलीकडे गडचिरोलीतही मतदान दुपारी तीनलाच संपतं, काही पथकं हेलिकॉप्टरनं उतरवावी लागतात. तिथं ड्युटी केलेल्या कुठल्याही गुरुजींना हा प्रसंग फारसा अतिशयोक्त वाटणार नाही.

तरी एक गोष्ट खटकते. रांगेतल्या एकाचंही नाव आपल्या लक्षात राहत नाही. न्यूटनला घर आहे, बाप आहे, मोडलेलं लग्न आहे; मतदारांना फक्त बोट आहे. गोंडांतर्फे बोलणारी मलकोची मोठी भूमिका गेली ती नाशिकच्या अंजली पाटीलकडे. तिनं काम झकास केलंय, वादच नाही. पण अनुषा रिझवीच्या 'पीपली लाइव्ह'नं (२०१०) नत्थाच्या भूमिकेसाठी छत्तीसगडचाच, हबीब तन्वीरांच्या नया थिएटरमधला ओंकारदास माणिकपुरी उभा केला होता. म्हणजे 'माणसं मिळत नाहीत' ही सबब चालण्यासारखी नाही.

त्या नत्थाकडे पुढच्या आठवड्यात.