किडनी बदलली, आता हाडे जपा

श्रीपूर म्हणजे साखर कारखान्याचे गाव. हंगामात फडात ऊस तोडायचा, मोळ्या वाहायच्या, रात्री अंग दुखले की मेडिकलमधून गोळी आणायची आणि सकाळी पुन्हा कामाला लागायचे, हे आपल्या वस्तीत नवे नाही. पण ज्या घरात किडनी बदललेला माणूस आहे, त्या घराने ही सवय सोडावी, असे आम्ही कळकळीने सांगतो.

किडनी केवळ लघवी तयार करत नाही. ड जीवनसत्त्व शरीराला वापरता येईल असे तीच करते आणि कॅल्शियम-फॉस्फरसचा तोल राखते. किडनी निकामी झाल्यावर हा तोल बिघडतो, त्यामुळे ऑपरेशनपूर्वीच हाडे कमकुवत झालेली असतात. पुढे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून स्टेरॉईड द्यावे लागते. त्याने हाडे विरळ होतात, मांड्यांचे स्नायू बारीक होतात. पहिल्या ६ ते १२ महिन्यांत ही झीज सर्वात जास्त असते.

खाली बसल्यावर उठता येत नाही, पायरी चढताना मांड्या थरथरतात, जांघेत सतत दुखते, चालताना लंगडावे लागते, अशी लक्षणे वयावर ढकलू नका. जांघेचे दुखणे खुब्याच्या हाडाला रक्त कमी पडल्यामुळेही असू शकते. किडनीच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व व पॅराथायरॉईड यांच्या रक्ततपासण्या आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लागेल का, हे त्यांना विचारा.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीला इजा करतात. जडीबुटी, भस्म, ताकदीची पावडर नकोच. कॅल्शियमची गोळीही मनाने घेऊ नका. आणि स्टेरॉईडने हाडे झिजतात हे वाचून ते स्वतःहून मुळीच बंद करू नका. तसे केल्यास नवी किडनी जाऊ शकते, जिवालाही धोका होऊ शकतो.

डायलिसिसच्या वेळचे पथ्य आता बदललेले असू शकते. स्नायूंसाठी डाळ, अंडी, मासे, तापवलेले दूध किती घ्यावे, हे विचारून ठरवा. पपनस टाळा, त्याने किडनी जपणाऱ्या औषधांचे प्रमाण रक्तात वाढू शकते. तंबाखू, विडी, दारू हाडांची वैरीच.

डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज चालायला लागा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हळूहळू उठबस करा. सुरुवातीला पाच वेळा, मग दहा. पहिले ६ ते ८ आठवडे तरी उसाची मोळी, सिमेंटची गोणी, पाण्याचा हंडा उचलू नका. घरात बाईची किडनी बदलली असेल, तर हंडा दुसऱ्याने भरावा. ती 'आता बरी झाली' म्हणून सगळी कामे तिच्यावर टाकू नयेत.

बहुतेक वेळा ही किडनी आईने, बायकोने, भावंडाने दिलेली असते. ती दहा रुपयांच्या गोळीपायी जाऊ नये. पुढच्या तपासणीला जाताना सगळ्या औषधांची पाकिटे सोबत न्या आणि दुखणे कुठे, कधीपासून आहे, ते न लाजता सांगा.