वाचणं आणि आठवणं : गिटारवरचं साइट रीडिंग

आजचा विषय गिटारचा आहे, पण वाटेत थोडं तत्त्वज्ञान येईलच.

निवृत्तीनंतर मी गिटार शिकायला लागलो. दोन वर्षांत सहा-सात तुकडे बसले. समोर नोटेशनचा कागद असायचा, त्यामुळे आपण वाचून वाजवतो असा माझा समज. मग आजारपणात दोन महिने गिटारला हात लागला नाही. परत बसलो तर तुकडे विसरलेले, आणि कागद समोर असूनही वाजवता येईना! म्हणजे मी वाचत नव्हतोच, आठवत होतो. न्यायदर्शनात अनुभव आणि स्मृती वेगळे मानतात. स्मृती म्हणजे केवळ संस्कारातून आलेलं ज्ञान. माझ्या बोटांत नुसते संस्कार होते. आणि या वयात त्यांच्या भरवशावर किती दिवस काढायचे?

आता गिटारवर वाचणं अवघड का, ते बघा. पियानोवर एका स्वराला एकच पट्टी. गिटारवर पहिल्या मोकळ्या तारेचा 'ई' दुसऱ्या तारेच्या 5व्या पडद्यावर मिळतो, तिसरीच्या 9व्या आणि चौथीच्या 14व्या पडद्यावरही मिळतो. कागदावर मात्र चिन्ह एकच. स्वर ओळखला तरी तो कुठे वाजवायचा, हे ठरवणं उरतंच.

म्हणून लोक टॅब वापरतात. ही पद्धत जुनी आहे. 1536 साली लुइस मिलानने विहुएलासाठी छापलेलं पुस्तक टॅबमध्येच आहे. टॅब बोट कुठे ठेवायचं ते सांगते, पण कोणता स्वर वाजेल ते सांगत नाही. आणि आजच्या पुष्कळ टॅबमध्ये लयही लिहिलेली नसते. पत्ता मिळतो, घरात कोण राहतं ते कळत नाही.

मग करायचं काय? सुरुवातीला पर्याय कमी करायचे. पहिल्या तीन-चार पडद्यांतच राहायचं. पहिल्या तारेवर ई, एफ, जी. दुसरीवर बी, सी, डी. तिसरीवर जी, ए. एवढ्या आठ स्वरांत महिनाभर वाचता येतं. वाजवण्याआधी अर्धा मिनिट नुसतं बघायचं: ताल कोणता, सुरुवातीला शार्प-फ्लॅटची खूण आहे का, सगळ्यात दाट जागा कुठली. त्या जागेवरून लय ठरवायची, सोप्या जागेवरून नाही. मग टाळी देत फक्त लय वाचायची. नंतर गिटार घ्यायची आणि नजर हातातल्या स्वराच्या एक मात्रा पुढे ठेवायची. पडद्यांकडे बघायचं नाही.

सगळ्यात कठीण नियम शेवटचा: चुकलं तरी थांबायचं नाही. आपल्याला शाळेपासून चूक खोडून पुढे जायची सवय. इथे गेलेली मात्रा परत येत नाही. स्वर सुटला तर सुटू द्या, लय सोडू नका. आणि एक तुकडा दोनदाच वाजवा. तिसऱ्यांदा वाजवलात की स्मृती कामाला लागते आणि वाचन संपतं. म्हणून साहित्य सोपं हवं, आणि पुष्कळ हवं. रोज दहा मिनिटं, रोज नवं पान.

माझं म्हणाल तर, दीड वर्ष झालं. अजून अडखळतो. पण परवा नातीने तिच्या वहीतली एक अनोळखी धून समोर ठेवली, आणि आम्ही दोघांनी ती शेवटपर्यंत नेली. माझे चार स्वर सुटले. तिच्या लक्षात दोनच आले.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ या.