काकाजी, हे कुठं लिहून आहे?

एका भीमजयंतीला पारशिवनीच्या विहारात आम्ही भाषण केले. बोलण्याच्या भरात सांगून गेलो की, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन केले. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तोच पाचव्या वर्गातली एक मुलगी पुढे आली. "काकाजी, हे कुठं लिहून आहे? माझ्या पुस्तकात तर दोन तारखा आहेत."

तिच्या हातात एक पातळशी पुस्तिका होती. वडिलांनी दीक्षाभूमीवरून आणलेली. तिने बोट ठेवून दाखविले. पाणी प्राशन केले २० मार्च १९२७ रोजी; मनुस्मृतीचे दहन झाले २५ डिसेंबर १९२७ रोजी. मध्ये नऊ महिन्यांचे अंतर! इतकी वर्षे आम्ही भाषणे करीत आलो, पण ही चूक आम्हांला कोणी दाखविली नव्हती.

लाज वाटली, पण आनंद अधिक झाला. आम्ही पेशाने कारकून. कचेरीत पावती जोडली नाही तर पाच रुपयांचाही खर्च मंजूर होत नाही. इतिहास सांगताना मात्र आम्ही पावती ठेवली नव्हती. ती त्या पोरीने मागितली.

पुस्तके येतात, पण वाचतो कोण?

धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपला माणूस पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेतो. ही आपल्या समाजाची मोठी कमाई आहे. पण घरी आल्यावर ती पुस्तके तसबिरीशेजारच्या फळीवर जातात आणि तिथेच राहतात. मुलांना इतिहास मिळतो तो गाण्यांतून आणि भाषणांतून. गाण्याने अभिमान येतो, त्याचे मोल कमी नाही. परंतु कोणी उलट प्रश्न केला की मूल गप्प बसते. कारण त्याने ऐकलेले असते, वाचलेले नसते.

म्हणून आम्ही दर रविवारी विहारात सहा ते दहा वर्षांच्या मुलांना घेऊन बसू लागलो. कथा-कादंबरी नाही; खरी माणसे, खरी गावे आणि खऱ्या तारखा असलेलीच पुस्तके घ्यायची. एका बैठकीला फार तर दोन पाने. प्रत्येक पानावर चार प्रश्न ठरविले : कोण? कुठे? कधी? आणि कशावरून?

तळ्याचे पाणी कायले?

पहिल्याच रविवारी एका लहानग्याने विचारले, "तळ्याचं पाणी कायले प्यायचं? नळ नव्हता का?" मोठी मुले हसली. आम्ही हसलो नाही. ज्याच्या दारात नळ आहे, त्याला पाण्याची बंदी कशी कळणार? मग पुस्तकातून क्रम लावला. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. १९२७ साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोकांनी पाणी घेतले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, कोर्टात दावा गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी.

मुलांनी सदतीसमधून सत्तावीस वजा केले. दहा! "एका ओंजळीसाठी दहा वर्ष?" असे जेव्हा मुलाच्या तोंडून निघते, तेव्हा वेगळ्या भाषणाची गरज राहत नाही.

आकडे जुळले नाहीत तेव्हा

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचे वाचताना एका पुस्तकात तीन लाख ऐंशी हजार लोक निघाले, दुसऱ्यात पाच लाख. मुले गोंधळली. "खरं कोणतं?" आम्ही म्हटले, एवढी गर्दी कोणी एकेक करून मोजली असेल काय? ज्याने त्याने अंदाज केला. म्हणून आकडा सांगताना कोणत्या पुस्तकातला, हेही सांगावे. भगवान बुद्धांनी कालामांना हेच समजाविले : परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे एवढ्यावरूनही मानू नका, स्वतः पारखून घ्या. मग ज्या घरी त्या दिवशी नागपूरला गेलेली आजी होती, तिथे मुले वही घेऊन पोचली. कशाने गेलात, शिदोरी काय होती, लुगडे कोणते नेसलात? आजीचे बोलणेही इतिहासाचे साधन आहे, हे त्यांना तिथे उमगले.

मुलींसाठी उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे १९८९ साली निघालेले 'आम्हीही इतिहास घडवला' आम्ही स्वतः वाचून सोपे करून सांगितले. ओझी वाहून पोट भरणाऱ्या जाईबाई चौधरींनी १९२२ साली नागपुरात मुलींची शाळा काढली. कामठी-नागपूर तर आपल्या रोजच्या जाण्यायेण्याचे. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. तेव्हा तीही शाळकरी मुलगीच होती, हे ऐकून आमच्या मुली ताठ बसल्या.

घरी काय करावे?

खाणीतली पाळी करून किंवा निंदणाहून आलेल्या मायबापाला वेळ नसतो, हे आम्ही जाणतो. पण आईने भाकरी थापावी आणि मुलाने चुलीपाशी एक पान मोठ्याने वाचावे, एवढे तर होईल? आईला वाचता येत नसेल तरी "कशावरून?" एवढे तिला नक्की विचारता येते. भिंतीला एक सुतळी बांधा. वाचलेल्या प्रत्येक घटनेची चिठ्ठी सालाप्रमाणे तिला अडकवा. १८५५ कुठे, १९२७ कुठे, आणि आपला जन्म कुठे, हे मुलाला डोळ्यांनी दिसेल. अडलेला शब्द सोपा करून सांगा, तारखांची घोकंपट्टी मात्र करवू नका.

पुढच्या जयंतीला आम्ही माईकवर आमची चूक कबूल केली आणि त्याच मुलीला दोन्ही तारखा वाचावयास सांगितल्या. तिचा आवाज थोडा कापत होता, तारखा मात्र बरोबर होत्या. त्या दिवसापासून आम्ही भाषणाला जाताना पुस्तक सोबत नेतो. काय सांगावे, समोर बसलेले एखादे मूल पुन्हा पावती मागेल!