नकली नखांचा हट्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरात लग्न असो, दिवाळीची सुट्टी असो, नाहीतर शाळेचं स्नेहसंमेलन; तेरा-चौदा वर्षांची मुलगी असली की हल्ली एक मागणी हमखास येते. ‘आई, मला नखं लावून घ्यायचीत.’ आईला आधी वाटतं, नेलपॉलिशच म्हणत असेल. मग कळतं की बोटाच्या टोकापुढे चांगली अर्धा इंच निघालेली, चकचकीत नखं हवी आहेत. ‘असली थेरं नकोत आपल्याकडे’, ‘लोक काय म्हणतील’, ‘पोळ्या कशा लाटशील’ असं सगळं म्हणून होतं. मुलगी दार आपटून आत जाते. बाबा पेपरातून डोकं वर काढत नाहीत.

मी त्वचेची डॉक्टर. मुलींच्या आया मला विचारतात, ‘लावू द्यावीत का हो?’ तेव्हा मी आधी विचारते, ‘कोणती?’ कारण नकली नखं म्हणून जे काही ओळखलं जातं, त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींना एकच उत्तर देता येत नाही.

पहिली तयार प्लॅस्टिकची. पाकिटात मिळतात, आपल्या नखावर चिकटवायची आणि कार्यक्रम झाला की काढायची. दुसरी अ‍ॅक्रिलिकची. यात एक द्रव आणि एक भुकटी ब्रशच्या टोकावर एकत्र करून तो गोळा नखावर पसरतात. तो आपोआप टणक होतो. तिसरी जेलची. चिकट जेल नखावर लावून हात एका छोट्या दिव्याखाली धरतात, त्या दिव्याच्या अतिनील किरणांनी ते कडक होतं. या दोन प्रकारांत खालून स्वतःचं नख वाढलं की दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पार्लर गाठावं लागतं. म्हणजे हा एकदाचा खर्च नव्हे, हप्ता आहे.

आपलं नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचे एकावर एक बसलेले पातळ थर. जे दिसतं ते निर्जीव असतं. नख घडतं ते मुळाशी, कातडीखाली. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं नख यायला सुमारे सहा महिने लागतात. जेल किंवा अ‍ॅक्रिलिक नीट धरावं म्हणून आधी नख कानशीने घासून खरखरीत करतात. घासणारा हात जड असला, किंवा नंतर मुलीने कंटाळून ती नखं ओढून काढली, तर खऱ्या नखाचे वरचे थरही निघून येतात. मग कागदासारखं पातळ झालेलं नख काही महिने सांभाळत बसावं लागतं. पण ते भरून येतं. त्याची मला फार चिंता वाटत नाही.

चिंता वाटते ती अ‍ॅलर्जीची. जेल आणि अ‍ॅक्रिलिक ही दोन्ही अ‍ॅक्रिलेट-मिथअ‍ॅक्रिलेट कुळातल्या रसायनांपासून बनतात. पूर्ण कडक झाल्यावर त्यांचा फारसा उपद्रव नसतो. पण कडक होण्याआधी ती त्वचेला लागत राहिली तर शरीर त्यांना शत्रू म्हणून ओळखायला शिकतं. पहिल्या वेळी काही होत नाही. पाचव्या, दहाव्या वेळी नखांच्या कडेला खाज सुटते, बोटांची टोकं लाल होतात, सोलतात, भेगाळतात. कधी नख खालच्या त्वचेपासून सुटतं. पुरळ पापण्यांवर आणि मानेवरही येतं, कारण बोटं दिवसभर चेहऱ्याला लागत असतात. मग घरात साबण बदलतो, काजळ बंद होतं, वांगी आणि शेंगदाणे बंद होतात. नखांकडे कोणाचं लक्ष जात नाही.

एकदा जडलेली ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. दातात भरायच्या पांढऱ्या सिमेंटमध्ये, गुडघा किंवा खुबा बदलताना वापरायच्या सिमेंटमध्ये याच कुळातली द्रव्यं असतात. चौदाव्या वर्षी हौसेने ओढवून घेतलेलं हे दुखणं चाळिसाव्या वर्षी दाताच्या डॉक्टरांपुढे अडचण म्हणून उभं राहू शकतं. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. या अ‍ॅलर्जीत वारंवार सापडणारं ‘हेमा’ नावाचं द्रव्य नखांच्या प्रसाधनांत फक्त व्यावसायिकांनीच वापरावं, असा नियम युरोपीय संघाने २०२० मध्ये केला. जेल कडक व्हायला मदत करणाऱ्या ‘टीपीओ’ या दुसऱ्या द्रव्यावर तर तिथे सप्टेंबर २०२५ पासून बंदीच आली.

दिव्याचं काय, असंही विचारतात. अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या पेशींवर या दिव्यांचा प्रकाश सोडून पाहिला, तेव्हा पेशींना इजा झाल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसांना त्यामुळे कर्करोग होतो असं मात्र सिद्ध झालेलं नाही. मोठ्या बायकांनी लावायचंच ठरवलं तर आधी हातांना सनस्क्रीन लावावं.

आता यावर ‘मग सगळंच बंद’ म्हणणं सोपं आहे. पण घरात नाही ऐकलेली मुलगी मैत्रिणीकडे जाते. मैत्रिणीने ऑनलाइन किट मागवलेलं असतं. जेल एका कंपनीचं, दिवा दुसऱ्याच कंपनीचा. दोघांचा मेळ नसला तर वरून कडक दिसणारं जेल आत कच्चंच राहतं. शिवाय नवशिक्या हातांनी ते आजूबाजूच्या कातडीलाही फासलं जातं. अ‍ॅलर्जी जडायला याहून चांगली सोय नाही! पार्लरमधल्या अनुभवी बाईपेक्षा मला या किटची धास्ती जास्त.

म्हणून माझं मत असं, की जेल आणि अ‍ॅक्रिलिक अठरा वर्षांपर्यंत नको, आणि तयार नखं समारंभापुरती खुशाल लावू द्यावीत. नकार देताना ‘लोक काय म्हणतील’ हे कारण देऊ नये. ते मुलीला पटत नाही, आणि लोकांना आपल्या मुलीच्या नखांकडे पाहायला तेवढा वेळही नसतो. आठवी-नववीच्या मुलीला रसायनाची गोष्ट चांगली समजते, ती सांगावी. (‘त्यापेक्षा मेंदी काढ’ म्हणणाऱ्यांनी झटपट रंगणारी काळी मेंदी मात्र टाळावी, त्यात केसांच्या रंगातलं पीपीडी असू शकतं आणि त्याने हात भाजल्यासारखे होतात.)

रंग, नक्षी तिला हवी ती. लांबी बेताची. लांब नख तरफेसारखं काम करतं. बसच्या दांड्याला, ओढणीला अडकलं की चिकटवलेल्याबरोबर खरं नखही उचकटतं. गोंदाची बाटली आईने आपल्या ताब्यात ठेवावी. फुटलेला कप जोडायला आपण जो झटपट चिकटणारा गोंद आणतो, त्याच जातीचा तो असतो, आणि सुती कपड्यावर सांडला तर इतका तापतो की खालची त्वचा भाजते. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या छोट्या पट्ट्या मिळतात, त्या बऱ्या.

दिवस-दोन दिवसांत ही नखं काढावीत. ओढून नव्हे, कोमट साबणाच्या पाण्यात बोटं बुडवून, सैल करून. आपण हाताने जेवणारी माणसं. नकली नखांखाली हात धुऊनही जंतू राहतात. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांनी ती लावू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगितलं आहे. नखाखाली ओल राहिली तर कधी खऱ्या नखावर हिरवट डाग दिसतो. तो जंतूंचा असतो. त्यावर दुसरं नख लावून तो झाकू नये; नख मोकळं आणि कोरडं ठेवावं, आणि डॉक्टरांना दाखवावं.