वात जळण्यापूर्वी

दिवाळीत पणत्या लावायचे काम आमच्या घरी माझ्याकडे असते. लहानपणी ते आजीकडे होते. एखाद्या पणतीतून काळा धूर निघू लागला की ती ओसरीवरूनच हाक मारी, "अगं, तेल घाल. वात जळतेय बघ!" तेल जळते तोवर उजेड, वात जळू लागली की नुसती काजळी. माणसाचेही असेच असते, हे समजायला मला वयाची चव्वेचाळिशी गाठावी लागली.

मी एका महाविद्यालयात मराठी शिकवते. वीस वर्षे झाली. शिकवण्याचा कंटाळा मला कधी आला नव्हता. पण गेल्या दोन-तीन वर्षांत शिकवणे हेच माझ्या कामातले सर्वांत लहान काम होऊन बसले. मूल्यांकनाचे अहवाल, ऑनलाइन भरायची माहिती, परीक्षेच्या पाळ्या, चार समित्या आणि रात्री अकरालाही व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या सूचना! मे महिन्याची सुट्टी घेतली, कोकणात जाऊन आले. कामावर रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी थकवा पुन्हा जसाच्या तसा. दहावीतली मुलगी एकदा म्हणाली, "आई, तू हल्ली घरी आलीस तरी येत नाहीस." मी तिच्यावरच रागावले.

पण खरा चटका बसला तो पुढे. प्रथम वर्षाच्या वर्गातली एक अबोल मुलगी आपली कविता घेऊन आली होती. "ठेव तिथे, नंतर बघते," असे मी मान वर न करता म्हटले. महिन्याभराने हजेरीपत्रकांच्या गठ्ठ्याखाली तो कागद सापडला. ती मुलगी पुन्हा विचारायला आली नव्हती. कवितेवर जगणाऱ्या बाईने एक कविता गठ्ठ्याखाली गाडली होती! त्याहून भयंकर म्हणजे, कागद सापडल्यावर मला आधी लाज वाटली नाही. 'आता हेही वाचावे लागणार' असे वाटले.

हे ऐकून माझ्या वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही एका लाइफ कोचना भेटा." मला हसू आले. पोहायला कोच असतो, क्रिकेटला असतो. पण जगायला कोच? आमच्या आजीच्या काळी हे काम आत्या नि शेजारच्या काकू फुकट करीत!

मास्तरकीची खोड म्हणून आधी शब्दच तपासला. 'कोच' हे मुळात हंगेरीतल्या एका गावाचे नाव. तिथे बनणाऱ्या घोडागाड्या पंधराव्या शतकापासून युरोपभर प्रसिद्ध झाल्या आणि गाडीलाच गावाचे नाव मिळाले. पुढे १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डची मुले परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणी-मास्तरांना थट्टेने 'कोच' म्हणू लागली. म्हणजे मुळात गाडीच! आपल्याकडे याहून चांगला शब्द आहे: सारथी. सारथी लढत नाही. धनुष्य ज्याचे त्यालाच उचलावे लागते. आणि सगळे सांगून झाल्यावर श्रीकृष्णानेही निर्णय अर्जुनावरच सोपवला होता. एवढा विचार केल्यावर नकार देणे जमेना.

या बाई पन्नाशीच्या, पूर्वी बँकेत प्रशिक्षण अधिकारी होत्या. त्या उपदेशाने सुरुवात करतील अशी माझी खात्री होती. त्यांनी विचारले, "शेवटची रक्ततपासणी कधी केलीत?" थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य यांची लक्षणेही थकव्यासारखीच दिसतात. "आधी डॉक्टरांना भेटा. नैराश्य निघालं, तर ते माझं काम नाही," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. माझे हिमोग्लोबिन कमी निघाले. गोळ्या सुरू झाल्या. पण कामाचा वीट काही त्यांनी गेला नाही.

या अवस्थेला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली तिच्यावर लेख लिहिला तो मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांना पाहून. जे मनापासून काम करतात तेच आधी करपतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. पुढे ख्रिस्तीना मॅसलॅक यांनी तिच्या तीन खुणा सांगितल्या: अंगातले त्राण संपणे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयीच मन कोरडे होणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या अकराव्या वर्गीकरणात तिची नोंद केली ती रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. दुसरी खूण वाचताना मला तो गठ्ठ्याखालचा कागद आठवला.

बाईंनी मला एक वही घालायला सांगितली. दोन आठवडे रोज रात्री दोनच रकाने: आज कशाने तेल गेले, कशाने आले. मग ती वही सहा प्रश्नांवर घासून पाहिली. कामाचा बोजा किती? त्यावर आपला ताबा किती? केल्याचे चीज होते का? सोबतीची माणसे कशी? वागणूक न्यायाची आहे का? आणि जे आपल्याला मोलाचे वाटते, ते कामात उरले आहे का? हे सहा विभागही मॅसलॅक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनीच मांडलेले.

माझी समजूत होती की दुखणे बोज्याचे आहे. वही निराळेच बोलू लागली. चार समित्यांपैकी एकच रीतसर आदेशाने माझ्याकडे आली होती. उरलेल्या तीन 'नाही' म्हणता न आल्यामुळे. आणि 'तेल आले' या रकान्यात चौदा दिवसांत तीनच नोंदी होत्या, त्या तिन्ही विद्यार्थ्यांशी मारलेल्या गप्पांच्या.

"मग आता काय कराल?" बाईंनी विचारले. मी म्हटले, "तुम्हीच सांगा." त्या हसल्या. "मी सांगितलं तर ती माझी पाचवी समिती होईल!"

शेवटी मीच ठरवले: प्राचार्यांना सांगायचे की, या सत्रानंतर ही तीन कामे मी करू शकणार नाही, कोणाकडे सोपवू? वाक्य साधे, पण घशातून उतरेना. बाईंनी स्वतः प्राचार्य होऊन ते माझ्याकडून तीनदा मोठ्याने म्हणवून घेतले. प्रत्यक्षात दोन कामे सुटली, एक राहिले. रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरात ठेवू लागले. मंगळवारची एक मोकळी तासिका लिहिणाऱ्या मुलांसाठी राखली. पंधरवड्याने एक, अशा सहा भेटीत एवढेच झाले. चमत्कार काही नाही.

याचा उपयोग माझ्यापुरताच असेल, असे मात्र नाही. अमेरिकेत ८८ डॉक्टरांवर केलेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पाच महिन्यांत कोचबरोबरच्या सहा बैठका मिळाल्या. त्यांच्यात तीव्र भावनिक थकवा असलेल्यांचे प्रमाण शेकडा १९.५ने उतरले, बाकीच्यांत ते ९.८ने चढले. मात्र मनाचा कोरडेपणा आणि नोकरीतले समाधान यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा या उपायाची मर्यादाही ओळखावी. तीन माणसांचे काम एकाकडून करून घेणाऱ्या कचेरीला कोच सुधारू शकत नाही. पणतीला भोक असेल तर तेल घालून काय होणार?

आणखी एक सांगते. आपल्याकडे कोणीही उठून स्वतःला लाइफ कोच म्हणवू शकतो. तेव्हा शिक्षण किती, अनुभव किती, हे निःसंकोच विचारावे. १९९५ साली स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय कोचिंग संघटनेच्या पहिल्या पायरीलाही ६० तासांचे शिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो. 'एकवीस दिवसांत नवे आयुष्य' असे कोणी म्हटले, तर नमस्कार करून उठावे. आणि झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर कोचकडे नव्हे, मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावे. भारत सरकारची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२पासून त्यासाठीच आहे.

त्या कवितेचे काय झाले? मी ती दोनदा वाचली, पेन्सिलीने खुणा केल्या, मुलीला बोलावून घेतले आणि उशीर झाल्याबद्दल तिची माफी मागितली. ती गोंधळली, काही बोलली नाही, कागद घडी करून घेऊन गेली. मंगळवारी ती येईल की नाही, मला ठाऊक नाही. दार मात्र उघडे असते.

यंदा पणत्या लावताना मुलगी शेजारी बसली होती. तेलाची वाटी तिच्या हातात देत मी म्हटले, "उजेडाकडे सगळेच बघतात गं. तू जरा तेलाकडेही लक्ष ठेव."