नाशिकमध्ये एअर प्युरिफायर विकायचाय? आधी हवा मोजायला शिका



दिवाळी झाली, थंडी पडायला लागली की एक प्रश्न हमखास येतो – "सर, एअर प्युरिफायरची डीलरशिप घेऊ का? दिल्लीत तर धडाधड विकले जातायत!" व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून या धंद्याचा पूर्ण हिशेब इथे मांडतोय. कागद-पेन घेऊन बसा.

उत्तर आधीच सांगून टाकतो. नाशिकमध्ये नुसतं मशीन विकण्याचा धंदा करू नका. घरातली हवा मोजून ती सुधारून दाखवण्याचा धंदा करा. दोन्हींत फरक काय, ते आता बघू.

मागणी खरी आहे, पण दिल्लीसारखी नाही

केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची ठरलेली मानकं न पाळू शकलेली शहरं त्यात घेतली. महाराष्ट्रातल्या त्या यादीत नाशिक आहे. म्हणजे "आमच्या नाशिकची हवा एकदम फर्स्ट क्लास" हे वाक्य आता सरसकट खरं राहिलेलं नाही. सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत, द्वारका आणि मुंबई नाक्याची वाहतूक, सिंहस्थाच्या तयारीसाठी खोदलेले रस्ते, नवीन इमारतींची बांधकामं – धूळ कुठून येते हे वेगळं सांगायला नको.

यातले सगळ्यात त्रासदायक कण म्हणजे पीएम २.५. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. हे कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. भारतीय मानकानुसार यांची वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली.

पण धंद्याच्या नजरेने बघा. आपल्याकडे पावसाळ्यात हवा धुऊन निघते. त्रास जाणवतो तो मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण थंडीत धूर आणि धूळ वर न जाता खालीच रेंगाळते. म्हणजे मशीनचा सीझन चार महिन्यांचा. आणि त्या चार महिन्यांतही गिऱ्हाईक तुमच्या दुकानात मशीन बघणार, माहिती विचारणार आणि ऑनलाइन पाचशे रुपये स्वस्त मिळालं की तिकडून मागवणार. किमतीच्या लढाईत छोटा दुकानदार टिकत नाही.

घरातली हवा घरातच बिघडते

आता मुद्द्याचं. बहुतेक लोकांना वाटतं, घाण हवा बाहेरून येते आणि घर म्हणजे सुरक्षित जागा. पण घरात आपण काय काय जाळतो, ते मोजा. सकाळची उदबत्ती, संध्याकाळचा धूप, मिरचीची फोडणी आणि रात्री डासांची कॉइल.

कॉइलचंच बघा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की एक कॉइल पूर्ण जळाली की त्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण बाहेर पडतात. आपल्या पुण्याचे डॉ. संदीप साळवी हेच कितीतरी वर्षं सांगत आलेत – एक कॉइल म्हणजे साधारण शंभर सिगारेटी. दारं-खिडक्या बंद करून, त्या खोलीत लेकराला झोपवून आपण ही कॉइल लावतो.

आता अशा घरात तुम्ही बारा हजारांचा प्युरिफायर विकला तर काय होईल? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मशीन रात्रभर धापा टाकणार, फिल्टर वेळेआधीच काळं पडणार आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाईक म्हणणार, "काही फरक नाही पडला हो." नाव कुणाचं खराब झालं? तुमचं.

म्हणून क्रम पाठ करा: आधी कारण काढा, मग हवा खेळती ठेवा आणि शेवटी फिल्टर लावा. कॉइलऐवजी जाळी किंवा मच्छरदाणी. धूप गॅलरीत. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन, आणि तो चालू असताना समोरची खिडकी थोडी उघडी, कारण बाहेरून हवा आत आल्याशिवाय आतली बाहेर जात नाही. एवढ्याने कितीतरी घरांचं काम होतं. उरलं तर मशीन.

मशीन काय करतं आणि काय करत नाही

हे तुम्हाला सेल्समनपेक्षा जास्त माहीत हवं.

• हेपा फिल्टर: चांगल्या दर्जाचं हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतं. पण अडवणार ते फिल्टरमधून गेलेल्या हवेतले. म्हणून पुढचा आकडा महत्त्वाचा.

• सीएडीआर: मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, तो आकडा. हिशेब सोपा आहे. खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट. म्हणजे १,२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा फिरायला हवी असं धरलं तर ३४ गुणिले ५, म्हणजे १७० सीएडीआर लागेल. तोच १२ बाय १८ चा हॉल असेल तर ३०० च्या पुढे. बेडरूमचं मशीन हॉलमध्ये ठेवून "काम करत नाही" म्हणणारे खूप भेटतील.

• वास आणि रसायनं: नव्या फ्लॅटमधला रंगाचा, प्लायवूडचा वास हेपा अडवत नाही. त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो, तोही भरपूर. नुसती काळी जाळी पुरत नाही.

• गॅस गिझर: इथे जिवाचा प्रश्न आहे. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध होतो. प्युरिफायर हा वायू काढू शकत नाही. घरात असा गिझर दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो बाथरूमच्या बाहेर हलवायला सांगा.

• झाडं: नाशिकच्या नर्सऱ्यांमध्ये "हवा शुद्ध करणारी रोपं" म्हणून स्नेक प्लांट, मनी प्लांट भरपूर विकले जातात. याचं मूळ १९८९ च्या नासाच्या प्रयोगात आहे, पण तो प्रयोग बंद पेटीत झाला होता. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला. तेव्हा दिसलं की नुसती खिडक्या-फटींतून हवा येण्या-जाण्याइतका परिणाम हवा असेल तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. झाडं जरूर विका, पण शोभेची म्हणून विका.

• ओझोन सोडणारी मशीनं: "हवा ताजी करणारा ओझोन" म्हणून कुणी माल गळ्यात मारत असेल तर हात जोडा. ओझोन फुप्फुसाला त्रास देतो. दम्याच्या पेशंटला तर जास्तच.

विकलं आणि विसरलं, की काय होतं?

इथे एक उदाहरण देतो. ते चुलीचं आहे, पण आपल्या धंद्याला तंतोतंत लागू पडतं. चुलीचा धूर हा आपल्या देशातला घरातल्या हवेचा सगळ्यात जुना प्रश्न. ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांना सुधारित चुली दिल्या गेल्या आणि संशोधकांनी चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर कमी झालेला दिसला. नंतर तो फायदा विरून गेला. कारण? चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, त्यांची दुरुस्ती-देखभाल झाली नाही.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या आरती या पुण्याच्या संस्थेने वेगळी वाट धरली. सुधारित चुली बनवणारे आणि विकणारे स्थानिक उद्योजक तयार करायचे. चूल बिघडली तर जवळपासच कुणीतरी आहे, ज्याचं पोट त्या कामावर आहे.

प्युरिफायरही तसाच. वर्षभराने फिल्टर भरतं. गिऱ्हाईक ते बदलत नाही, कारण कुठलं घ्यायचं ते माहीत नसतं, किंवा मशीन चालू आहे म्हणजे ठीकच आहे असं वाटतं. फिल्टर भरलेलं मशीन म्हणजे महागडा पंखा! हीच तुमची जागा आहे. ऑनलाइन कंपनी स्वस्त देईल, पण दर चार महिन्यांनी इंदिरानगरमधल्या काकूंच्या घरी येऊन फिल्टर बघणार नाही. तुम्ही बघू शकता.

भेट कशी द्यायची?

लेझर सेन्सरचा पीएम २.५ मीटर तीन-चार हजारांपासून मिळतो. तेवढं भांडवल पुरे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप मोबाइलवर घ्या, म्हणजे बाहेरच्या हवेचा अंदाज येतो. दमट हवेत आणि वाफेजवळ हे मीटर जास्त आकडा दाखवतात, तेव्हा पावसाळ्यात आणि कुकरशेजारी मोजू नका.

१. बाहेरचा, हॉलमधला, स्वयंपाकघरातला आणि बेडरूममधला आकडा लिहून घ्या.
२. फोडणी देताना, उदबत्ती लावल्यावर पुन्हा मोजा. काकूंना स्वतः मीटर धरू द्या. आकडा वर चढताना बघितला की भाषण द्यावं लागत नाही.
३. बदल सुचवा. आधी फुकटातले, मग स्वस्तातले, शेवटी महागडे.
४. पंधरा दिवसांनी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे एका कागदावर लिहून द्या.

मशीन विकायचं झालं तर डेमो घ्या. बेडरूम बंद करा. सुरुवातीला, अर्ध्या तासाने आणि एक तासाने आकडा दाखवा. उतरला तर विका, नाही उतरला तर मशीन उचलून परत या.

आणि कधीकधी हेही म्हणायची तयारी ठेवा – "काकू, मशीन आज घेऊ नका. आधी कॉइल बंद करा, एक्झॉस्ट बसवू. महिन्याने मी परत मोजतो, मग ठरवू." त्या दिवशी तुमचे हजार रुपये बुडतील. पण त्या काकू अख्ख्या सोसायटीत तुमचं नाव सांगतील.

आता हिशेब

आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमच्या भागाचे तुम्ही टाका.

*डीलरशिप:* १० मशीन, प्रत्येकी ९,००० खरेदी. गुंतवणूक ९०,०००. सीझनमध्ये ६ विकली, हजार रुपये सुटले. कमाई ६,००० आणि ३६,००० चा माल पुढच्या थंडीपर्यंत कोपऱ्यात पडून.

*सेवा, एका महिन्याची:*
• १६ भेटी, प्रत्येकी ४००: ६,४००
• ५ एक्झॉस्ट फॅन, प्रत्येकी ५००: २,५००
• ५ घरी जाळी आणि दाराची पट्टी, प्रत्येकी ३००: १,५००
• ऑर्डर आल्यावरच आणलेली ३ मशीन, प्रत्येकी १,०००: ३,०००

एकूण १३,४००. पेट्रोल, फोन, जाहिरात, किरकोळ सामान मिळून ४,००० गेले. हातात ९,४००.

खोटं कशाला बोलू? एवढ्यावर घर चालत नाही. नोकरी सोडून यात उडी मारू नका. पण तुम्ही इलेक्ट्रिशियन असाल, एसी दुरुस्ती करत असाल, तर तुमच्या आहे त्याच फेऱ्यांमध्ये ही भर पडते. आणि खरा पैसा पुढे आहे. ६० घरांनी वर्षाला १,५०० रुपयांचा देखभाल करार केला तर ९०,००० झाले. घरटी वर्षाला तीन फेऱ्या – थंडीत फिल्टर, उन्हाळ्यात एसीची सफाई, पावसाळ्यात भिंतीची ओल आणि बुरशी. चार महिन्यांचा धंदा बारा महिन्यांचा झाला.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, ती करून टाका. सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, तरी तुमच्या सीएशी एकदा बोला.

जीभ सांभाळा

या धंद्यात समोरचा माणूस बऱ्याचदा घाबरलेला असतो. नातवाला दमा असतो, वडिलांना धाप लागत असते. अशा माणसाला काहीही विकता येतं, आणि म्हणूनच तुमची परीक्षा तिथे आहे. "दमा बरा होतो" असं बोलू नका, लिहू तर नकाच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. इन्हेलर किंवा औषधाबद्दल एक शब्दही नको, ते डॉक्टरांचं काम. तुमचं वाक्य एकच – "खोलीतले कण आधी इतके होते, आता इतके आहेत." त्याचा पुरावा तुमच्याकडे कागदावर असतो.

या आठवड्याचा गृहपाठ

मीटर विकत घ्या किंवा मित्राकडून आणा. सात दिवस फक्त स्वतःच्या घरातली हवा मोजा: सकाळी, फोडणीच्या वेळी, दिवाबत्तीनंतर आणि झोपताना. घरातला एक बदल करून आठव्या दिवशी पुन्हा मोजा. मग ओळखीच्या तीन घरी जा आणि फुकट मोजून द्या. विकायचं काहीच नाही, फक्त लोक काय विचारतात ते वहीत उतरवा. त्या वहीतले प्रश्न बघूनच तुमच्या सेवेचे दर ठरवा.

मशीनची ऑर्डर त्यानंतर. भेटू पुढच्या व्हिडिओत!