जंतूंची सोयरीक आणि आंकडे

दुधाला विरजण लावणारी गृहिणी दह्यांतील जंतूंचें कुळगोत्र विचारीत बसत नाहीं. दहीं घट्ट लागलें म्हणजे तिचें काम झालें. शास्त्रज्ञाला मात्र तें विचारल्यावांचून गत्यंतर नसतें, आणि तेथेंच त्याची पंचाईत होते. सूक्ष्मदर्शकाखालीं शेंकडों जातींचें रूप एकच, लहानशी कांडी किंवा टिंब! म्हणून रूप सोडून गुण पाहावे लागतात: अमुक साखर आंबवितो काय, प्राणवायूवांचून जगतो काय, मिठांत तग धरतो काय.

पण यांतील कोणत्या गुणाला मान द्यावा? पूर्वीं हें ज्यानें त्यानें ठरवावें आणि मग वाद घालीत बसावें, असा प्रघात होता. १९५७ सालीं पीटर स्नीथ या ब्रिटिश जंतुशास्त्रज्ञानें निराळी वाट धरली. सर्व गुणांना सारखेंच लेखून साम्य केवळ मोजावें, व कंटाळवाणी आंकडेमोड गणकयंत्राकडे सोंपवावी, असें त्यानें सुचविलें. समजा, दोन जंतूंची १०० गुणांवर परीक्षा घेतली. ६० गुण दोघांतहि आढळले, २० दोघांतहि नाहींत, आणि उरलेल्या २० बाबतींत त्यांचें जुळलें नाहीं. सर्व जमेस धरल्यास साम्य शेंकडा ८०. परंतु दोघांत एखादी गोष्ट नसणें, हें नातें मानावें काय? कावळ्याला शिंगें नाहींत व बेडकालाहि नाहींत, एवढ्यावरून कोणी त्यांस भाऊ म्हणत नाहीं. स्नीथनें असे अभाव वगळले. मग ८० पैकीं ६०, म्हणजे शेंकडा ७५. प्रत्येक जोडीचा असा आंकडा काढून अधिक साम्याचे जंतु आधीं एकत्र आणीत गेलें, कीं वंशवृक्षासारखी आकृति तयार होते. तिला वंशवृक्ष मात्र म्हणूं नये. ती साम्य दाखविते, पूर्वज सांगत नाहीं.

पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रांत २००९ सालीं सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह सुरू झाला; २०११ पासून पेटंटासाठीं ठेवावयाचे जंतुहि तेथें स्वीकारले जाऊं लागले. आतां साखरेऐवजीं सबंध जनुकसंच ताडून पाहतात. साम्य शेंकडा ९५-९६ च्या खालीं आलें, तर जात सामान्यतः निराळी मानतात. अशाच मोजदादीनें २०२० सालीं दह्यांतल्या लॅक्टोबॅसिलस या एका प्रजातीच्या २५ प्रजाति झाल्या.

आंकड्यांचें सर्वच मात्र ऐकलें जात नाहीं. आमांश उत्पन्न करणारा शिगेला आणि आंतड्यांत बहुधा निमूटपणें राहणारा एशरिकिया कोलाय यांचे जनुकसंच इतके जवळचे आहेत, कीं हिशेबानें दोघे एकाच जातीचे ठरतात. तरीहि दोन नांवें कायम राहिलीं. प्रयोगशाळेच्या कागदावर पहिलें नांव दिसलें, तर डॉक्टर तांतडीनें उपचाराला लागतो. दुसरें दिसलें, तर कित्येकदां नुसतें वाचून कागद बाजूस ठेवतो.